जेसनची मालकीण

लंडन शहराच्या वायव्येला, जेथे घरांच्या रांगा संपून कुरणे सुरू होत, तेथे पूर्वी स्टॅग लेन नावाचे एक विमानतळ होते. आज त्या जागी वस्ती झाली आहे. परंतु १९२८-२९ च्या सुमारास तेथे डी हॅविलंड कंपनीचा विमानांचा कारखाना होता आणि त्याला लागूनच लंडन एरोप्लेन क्लबचे मैदान होते. सुटीच्या दिवशी हौशी मंडळी या मैदानावर जमत. कोणी व्यापारी, कोणी डॉक्टर, कोणी जमीनदार. विमान चालविणे हा त्यांचा धंदा नव्हता. घोड्यावर बसावे किंवा नाव वल्हवावी, तसा तो त्यांचा विरंगुळा होता.

या हौशी लोकांचे आवडते विमान म्हणजे मॉथ. मॉथ म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पाखरू-पतंग. विमानाचा निर्माता जेफ्री डी हॅविलंड याला अशा कीटकांचा मोठा छंद होता, म्हणून त्याने आपल्या विमानाला हे नाव दिले. नावाप्रमाणेच ते विमान लहान आणि हलके होते. त्याची चौकट लाकडी होती आणि तिच्यावर कापड ताणून बसविलेले असे. त्या कापडावर रोगण चढविले की ते ढोलाच्या कातड्यासारखे घट्ट होई. एकावर एक असे पंखांचे दोन थर, पुढेमागे दोन बैठका, आणि वर छप्पर मुळीच नाही! वारा आणि पाऊस थेट वैमानिकाच्या तोंडावर येत. त्याच्या 'जिप्सी' नावाच्या इंजिनाची शक्ती सुमारे शंभर घोड्यांची होती आणि त्याचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास असे. पंख मागे मिटवून ठेवले की मोटार ठेवण्याच्या जागेतही ते सहज मावत असे. अशा विमानामुळेच आकाश हे केवळ सैनिकांचे आणि धनाढ्यांचे न राहता मध्यम स्थितीतील माणसाच्याही आवाक्यात आले.

१९२८ साली एका रविवारी या मैदानाच्या कडेला एक तरुणी बसमधून उतरली आणि विमानांकडे पाहत उभी राहिली. तिचे नाव ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील हल या बंदरगावी झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. चार बहिणींमध्ये ॲमी सर्वांत मोठी. शेफील्ड विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविल्यावर ती लंडनला आली आणि एका सॉलिसिटरच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून काम करू लागली. दिवसभर पत्रे आणि दस्तऐवज टंकित करायचे आणि सायंकाळी भाड्याच्या खोलीत परतायचे, असा तिचा क्रम होता. या नीरस जीवनात तिचे मन रमत नव्हते. त्या रविवारी तिने जे पाहिले, त्याने तिला एक नवा ध्यास लागला. सप्टेंबर १९२८ मध्ये ती क्लबची सभासद होऊन विमान चालविण्याचे धडे घेऊ लागली.

ॲमी ही काही जन्मजात वैमानिक नव्हती. एकट्याने पहिले उड्डाण करण्यापूर्वी बहुतेक विद्यार्थ्यांना जेवढे तास शिकावे लागे, त्याहून तिला अधिक तास लागले. विशेषतः विमान जमिनीवर उतरविताना तिची त्रेधा उडे. विमान जमिनीवर टेकण्याचा नेमका क्षण तिला साधत नसे. मग ते चेंडूप्रमाणे उसळे. तरीही तिने नेट सोडला नाही. पगारातील पैसा न् पैसा जपून ती धड्यांचे शुल्क भरीत राहिली. जून १९२९ मध्ये ती प्रथमच एकटी आकाशात गेली आणि ६ जुलै १९२९ रोजी तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. तेव्हा ती नुकतीच सव्वीस वर्षांची झाली होती.

येथून पुढचे एक वर्ष ॲमीच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले.

परवाना हाती आल्यावर क्लबचे इतर सभासद जे करीत, तेच तिलाही करता आले असते. सुटीच्या दिवशी यावे, यांत्रिकांनी पुसूनपासून सज्ज ठेवलेल्या विमानात बसावे, तासभर फिरावे आणि विमान पुन्हा यांत्रिकांच्या स्वाधीन करून घरी जावे. परंतु ॲमीच्या मनाला एक प्रश्न स्वस्थ बसू देईना. ज्या यंत्राच्या भरवशावर आपण हजारो फूट उंचीवर जातो, ते यंत्र चालते कसे, हे आपल्याला ठाऊक नको काय? वाटेत ते बंद पडले तर दुसऱ्याची वाट पाहत बसायचे काय?

मैदानाच्या एका बाजूला क्लबचे विमानघर होते. तेथे जॅक हंफ्रीज हे मुख्य यांत्रिक आपल्या सहकाऱ्यांसह काम करीत. तेथे इंजिने उघडली जात, दांडे घासले जात, फाटलेले कापड शिवले जात असे. ते पुरुषांचे राज्य होते. एखादी तरुणी तेथे येऊन काम मागेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ॲमी तेथे गेली आणि तिने काम शिकविण्याची विनंती केली. यांत्रिकांना प्रारंभी मोठे नवल वाटले. चार दिवसांची ही हौस आपोआप विरेल, असे कित्येकांनी धरले असावे. पण चार दिवस गेले, चार आठवडे गेले, तरी ती येतच राहिली.

भल्या पहाटे उठून ती विमानघरात जाई, तेथे काम करी आणि मग हात धुऊन कचेरी गाठी. सायंकाळी पुन्हा विमानघर. पुढे तर तिने कचेरीतील नोकरीच सोडली आणि सारा वेळ या विद्येला वाहिला. अंगात मळकट निळा झगा, केसांवर रुमाल, हातांना कोपरापर्यंत वंगण अशा वेषात ती दिवसभर राबे. थंडीच्या दिवसांत त्या उघड्या विमानघरात बोटे बधिर होत. परंतु हातातला पाना ती खाली ठेवीत नसे. इंजिन पूर्ण सुटे करायचे, प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन तपासायचा आणि पुन्हा जसाच्या तसा जोडायचा. प्लगवरील काजळी खरवडायची. पंखांच्या कापडाला ठिगळ लावून त्यावर रोगण चढवायचे. हे सारे ती शिकली. यांत्रिकांनी तिचे नाव 'जॉनी' असे पाडले. त्या टोपणनावात चेष्टा थोडी आणि आपलेपणा अधिक होता.

डिसेंबर १९२९ मध्ये ती सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि तिला विमान-यांत्रिकाचा परवाना मिळाला. असा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय.

आता तिने मनातील बेत उघड केला. लंडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमानातून जायचे! हे अंतर सुमारे ११,००० मैलांचे. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली हा प्रवास एकट्याने साडेपंधरा दिवसांत पूर्ण केला होता. एकाही स्त्रीने तो एकटीने केलेला नव्हता. ॲमीचा संकल्प केवळ तेथे पोहोचण्याचा नव्हता. हिंकलरचा विक्रम मोडण्याचा होता.

संकल्प मोठा होता, पण जवळ विमान नव्हते आणि विमान घेण्यास पैसा नव्हता. तिने अनेक धनिकांना आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी नकार दिला. जिचे सर्वांत लांबचे उड्डाण लंडनपासून हलपर्यंतच्या सुमारे दीडशे मैलांचे, जिने सर्व मिळून शंभर ताससुद्धा विमान चालविलेले नाही, ती निम्मी पृथ्वी कशी ओलांडणार? हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. परंतु ब्रिटनच्या नागरी विमान खात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांना या मुलीच्या चिकाटीचे कौतुक वाटले. त्यांच्या शब्दावरून वंगणतेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी विमानाच्या किमतीचा अर्धा वाटा उचलला आणि वाटेतील पेट्रोलची तजवीज केली. उरलेला अर्धा भार तिच्या वडिलांनी सोसला. मुलीच्या जिवाची काळजी कोणत्या बापाला नसते? पण तिने घेतलेले कष्ट त्यांनी पाहिले होते.

अशा रीतीने एप्रिल १९३० च्या अखेरीस ॲमी एका विमानाची मालकीण झाली. ६०० पौंडांना घेतलेले ते जुने जिप्सी मॉथ होते. त्याला अधिक पेट्रोल मावेल अशा जादा टाक्या बसविलेल्या होत्या. त्याचा रंग गर्द हिरवा आणि अक्षरे रुपेरी होती. तिच्या वडिलांच्या पेढीची व्यापारी खूण 'जेसन' ही होती. ग्रीक पुराणात सोनेरी लोकर आणण्यासाठी दूरदेशी जाणाऱ्या वीराचे हे नाव. तेच तिने आपल्या विमानाला दिले.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून जेसनने उड्डाण केले. निरोप द्यायला वडील आणि मोजकी मित्रमंडळी एवढीच माणसे होती. वर्तमानपत्रांनी या घटनेची फारशी दखल घेतली नाही.

विमानात बिनतारी यंत्र नव्हते. नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढून तिने आपला मार्ग आखला होता. होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या नद्या, रूळ व डोंगर हेच तिचे वाटाडे. पुढच्या टाकीतील पेट्रोल वरच्या टाकीत चढविण्यासाठी तिला हातपंप मारावा लागे, आणि त्याच्या उग्र वासाने तिला मळमळे. दिवसभराचा असा प्रवास संपवून खाली उतरले, म्हणजे इतर वैमानिक विश्रांती घेत. ॲमीचे दुसरे काम तेव्हा सुरू होई. जुने तेल काढून नवे घालायचे, प्लग साफ करायचे, पेट्रोल गाळून भरायचे. ते आटोपले की काही तासांची झोप, आणि पहाटे पुन्हा उड्डाण.

पहिल्या दिवशी व्हिएन्ना आणि दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, तिने गाठले. तिसऱ्या दिवशी तुर्कस्तानातील टॉरस पर्वत आडवा आला. भरलेल्या टाक्यांच्या वजनामुळे जेसनला त्याची शिखरे ओलांडण्याइतके उंच जाता येईना. तेव्हा ती रुळांच्या अनुरोधाने एका अरुंद खिंडीत शिरली. इतक्यात ढगांनी सारे झाकले. क्षणभर काहीच दिसेना. ढग विरला तेव्हा काळा कडा अगदी जवळ आलेला होता. तिने विमान झटकन वळविले आणि त्या संकटातून ती निसटली.

त्यापुढच्या दिवशी बगदादकडे जाताना वाळवंटात वादळ उठले. वाळूच्या लोटांनी आकाश आणि जमीन एक झाली. जेसन कागदाप्रमाणे हेलकावू लागला. तिने कसेबसे त्याला वाळूवर उतरविले. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून सामानाच्या पेट्या चाकांना अडसर म्हणून लावल्या, इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून ते झाकले, आणि शेपटीवर पाठमोरी बसून राहिली. दुरून कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते. हातात पिस्तूल धरून ती एकटी मुलगी वादळ शमण्याची वाट पाहत होती. वादळ ओसरताच तिने इंजिन सुरू केले आणि त्याच दिवशी बगदाद गाठले.

१० मे रोजी ती कराचीला पोहोचली. लंडन सोडून अवघे सहा दिवस झाले होते. हिंकलरला याच टप्प्याला आठ दिवस लागले होते. म्हणजे ती त्याच्या दोन दिवस पुढे होती! आता मात्र जगभरची वर्तमानपत्रे जागी झाली. काल जिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, तिचे छायाचित्र आज पहिल्या पानावर झळकू लागले.

त्या वेळी आपल्या देशातही विमानविद्येची नवी लाट आली होती. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक-परवाना मिळाला होता. आगाखान यांनी भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने करणाऱ्या भारतीय वैमानिकासाठी पारितोषिक जाहीर केले होते. त्यासाठी त्याच सुमारास टाटा आणि अस्पी इंजिनियर हे तरुण आपापल्या जिप्सी मॉथमधून निघालेले होते. तेव्हा कराचीकरांना एकटा वैमानिक नवा नव्हता. एकटी आलेली स्त्री मात्र नवी होती.

कराचीहून ॲमी अलाहाबादला जाण्यास निघाली. परंतु समोरून वाहणाऱ्या वाऱ्याने तिचा वेग खुंटला आणि पेट्रोल संपत आले. तेव्हा राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत, सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर तिने विमान उतरविले. मैदान अपुरे पडले. जेसन धावत धावत बराकींपर्यंत गेला आणि त्याचा पंख एका खांबावर आदळला. लाकूड मोडले, कापड फाटले. परंतु झाशीत विमानाचा यांत्रिक नसला तरी सुतार होता. ज्या हातांनी तो खाटा आणि दारे घडवीत असे, त्याच हातांनी त्याने पंखाची मोडलेली लाकडे सांधून दिली. काय मोडले आहे आणि ते कसे सांधायचे, हे ॲमीला नेमके सांगता येत होते. म्हणून त्या दोघांना परस्परांची भाषा येत नसली तरी काम अडले नाही. दुसऱ्या दिवशी अलाहाबादमार्गे ती कलकत्त्यास पोहोचली.

१३ मे रोजी तिने ब्रह्मदेशाची वाट धरली. या दिवशी तिच्या नशिबाने पाठ फिरविली. मुसळधार पावसात रंगूनचे घोडदौडीचे मैदान तिला सापडेना. खाली एक मोकळी जागा दिसली, तेच ते मैदान समजून ती उतरली. प्रत्यक्षात ते रंगूनच्या उत्तरेस काही मैलांवर असलेल्या इन्सेन या गावातील सरकारी तंत्रशाळेचे खेळाचे मैदान होते. ओल्या गवतावर विमान थांबेना. ते मैदानाच्या टोकाला असलेल्या चरात जाऊन आदळले. पुढचा पंखा तुटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख विदीर्ण झाला. ते दृश्य पाहून तिला रडू कोसळले.

पण अपघातालाही जागा चांगली सापडली होती. तंत्रशाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी धावून आले. विमान त्यांनी यापूर्वी कधी दुरुस्त केलेले नव्हते. परंतु लाकूड आणि लोखंड यांची त्यांना पारख होती. ॲमी त्यांच्याबरोबर कामाला लागली. मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या पट्ट्या तयार झाल्या. लोखंडी दांडे सरळ करण्यात आले. पंखावर घालायला विमानाचे कापड कोठून आणावे? कोणाला तरी आठवले, की महायुद्धानंतर उरलेले विमानाचे कापड स्वस्तात विकले गेले होते आणि लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे उसवून पंखावर चढविण्यात आले! रोगण नव्हते, तेव्हा गावातील औषधविक्याने काही द्रव्ये मिसळून तसेच रोगण बनविले. तुटलेल्या पंख्याच्या जागी, ॲमीने विमानाच्या अंगाला बांधून आणलेला दुसरा पंखा बसविला. तिसऱ्या दिवशी जेसन पुन्हा उडण्यास सिद्ध झाला.

जेसन बरा झाला. पण गेलेले दिवस परत मिळाले नाहीत. हिंकलरच्या पुढे मिळविलेली आघाडी इन्सेनच्या चिखलात संपली. आता कितीही धावपळ केली तरी विक्रम हाती लागणार नाही, हे ॲमीला उमगले. येथेच प्रवास सोडून ती जहाजाने परत गेली असती, तरी कोणी तिला नावे ठेवली नसती. कारण जिंकण्यासारखे आता काही उरले नव्हते. परंतु १६ मे रोजी तिने इंजिन सुरू केले आणि बँकॉकची दिशा धरली.

पुढचा मार्ग पावसाचा आणि जंगलांचा होता. जावा बेटावर वाट चुकून ती एका उसाच्या मळ्याजवळ उतरली. तेथे घर बांधण्यासाठी रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी जेसनच्या पंखांना भोके पडली. ॲमीने ती औषधाच्या चिकटपट्टीने बुजविली आणि प्रवास चालू ठेवला. तिमोर बेटावर अंधार पडू लागला, तरी ठरलेले मैदान दिसेना. तेव्हा वारुळांनी भरलेल्या एका माळावर ती उतरली. आसपासच्या खेड्यातील माणसे भाले घेऊन धावत आली. ती भ्याली, पण त्या लोकांनी तिला काहीही इजा न करता जवळच्या मिशनच्या पाद्र्याकडे पोहोचविले. इकडे तिचा पत्ता लागत नसल्याची बातमी पसरून सारे जग चिंतेत पडले होते.

२४ मे रोजी शेवटचा टप्पा होता. तिमोरपासून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ५०० मैलांचा समुद्र. खाली पाणी, वर आकाश, आणि मध्ये सदऱ्यांच्या कापडाने सांधलेले ते लहानसे विमान. इंजिन बंद पडले तर उतरायला तसूभर जागा नव्हती. परंतु ज्या इंजिनाचा कण न् कण तिने स्वतः पारखला होता, त्याने तिला दगा दिला नाही. समुद्राच्या मध्यावर वाट पाहणारे एक जहाज तिला दिसले, तेव्हा आपला मार्ग बरोबर असल्याची तिची खात्री झाली. दुपारी डार्विन शहर दिसू लागले आणि जेसन ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरला. लंडनहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमानातून येणारी ती पहिली स्त्री ठरली. तिला साडेएकोणीस दिवस लागले होते.

लोक जयजयकार करीत होते आणि ॲमीला मात्र आपण चार दिवसांनी मागे पडलो याचे वाईट वाटत होते. पुढे पाच दिवसांनी ब्रिस्बेन येथे हजारो लोकांसमोर उतरताना थकलेल्या ॲमीचा अंदाज चुकला, जेसन मैदानाबाहेर जाऊन उलटला. सुदैवाने तिला इजा झाली नाही. विमान उतरविण्याची कला तिला अद्यापही पूर्ण साधली नव्हती, हे तिने कधी लपविले नाही.

ब्रिटिश सरकारने तिला सी. बी. ई. हा किताब दिला. ४ ऑगस्ट १९३० रोजी ती क्रॉयडनला परतली, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी जेथे मूठभर माणसे होती, तेथे माणसांचा समुद्र लोटला होता. तिच्यावर गाणी रचली गेली, 'डेली मेल' या वर्तमानपत्राने तिला १०,००० पौंड दिले. परंतु या साऱ्या सत्कारांपेक्षा एक लहानशी भेट अधिक मोलाची म्हणावी लागेल. सिडनीतील शाळकरी मुलांनी तिला सोन्याची काही नाणी दिली होती. ती तिने स्वतःसाठी खर्च केली नाहीत. त्यांतून तिने एक सोन्याचा चषक करविला आणि हल शहरातील सर्वांत धैर्यवान मुलाला किंवा मुलीला तो दर वर्षी द्यावा, अशी व्यवस्था केली.

पुढील वर्षांत तिने आणखी कित्येक धाडसी प्रवास केले. १९३१ साली ती विमानाने जपानला गेली. त्या प्रवासात तिचे सोबती कोण होते? विमानघरात तिच्या हाती प्रथम पाना देणारे जॅक हंफ्रीज! यंत्रविद्या शिकणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेचे अध्यक्षपदही तिने पुढे भूषविले.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून आणि तळांवरून लढाऊ दलाची विमाने इष्ट स्थळी पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी असेच एक विमान नेत असता खराब हवेत ती वाट चुकली आणि तिला टेम्स नदीच्या मुखाशी हवाई छत्रीच्या साहाय्याने पाण्यात उतरावे लागले. तेथून जाणाऱ्या हॅसलमिअर या जहाजावरील अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचविण्यासाठी त्या गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. त्यात त्यांनी स्वतःचे प्राण गमावले. ॲमी सापडली नाही. तेव्हा तिचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते.

जेसन मात्र आजही आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात तो हिरवा मॉथ छताशी टांगलेला दिसतो. इतके नाजूक विमान अकरा हजार मैल गेलेच कसे, असे त्याच्याकडे पाहून वाटते. त्याचे उत्तर मोठ्या पराक्रमाच्या त्या एकोणीस दिवसांत सापडत नाही. ते त्याआधीच्या हिवाळ्यात, स्टॅग लेनच्या थंड विमानघरात, वंगणाने माखलेल्या हातांनी इंजिन उघडून जोडणाऱ्या एका टंकलेखिकेच्या कष्टांत सापडते. तिच्यापेक्षा कुशल वैमानिक त्या काळी पुष्कळ होते. तिचा विक्रमही हुकला. पण जे मोडेल ते सांधण्याची विद्या तिने आधी मिळविली होती, आणि म्हणूनच झाशीचा सुतार व इन्सेनचे विद्यार्थी मदतीला आले तेव्हा त्या मदतीचे सोने करणे तिला साधले.